छंदाच्या ग्रुपवर नोकरीची जाहिरात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर नोकरीच्या जाहिराती येऊ द्याव्यात, हे माझं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही. तुम्ही म्हणता, जाहिराती आल्या की हौस मागे पडते, आणि नोकरी हवी त्याला नोकरीच्या साइट आहेतच.

पहिली भीती रास्त आहे. रोज सकाळी ‘अर्जंट ओपनिंग’चे फॉरवर्ड येऊन पडले, तर सर्किटबद्दल विचारणारा गप्पच बसेल. पण त्यावर उपाय आहे. हॅकर न्यूज या प्रोग्रामर मंडळींच्या चर्चेच्या साइटवर कित्येक वर्षं महिन्यातून एकदाच ‘हू इज हायरिंग’ हा धागा निघतो. त्यात कंपनीतल्या माणसानं स्वतः लिहायचं, एजंटांना मनाई. तिथल्या तांत्रिक गप्पा त्यामुळे काही बंद पडल्या नाहीत.

दुसरा मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही. मागे एकानं विचारलं होतं, ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर) सारखा रीसेट होतोय. बाकीचे कोड तपासायला सांगत होते. भोसरीच्या एका डिप्लोमावाल्या मुलानं एवढंच विचारलं, “वाय-फाय चालू होतानाच होतो का?” हो म्हटल्यावर म्हणाला, “तेव्हा करंट एकदम वाढतो, व्होल्टेज पडतं. केबल बदला आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर चिपजवळ मोठा कपॅसिटर लावा.” बोर्ड चालला. ही समज बायोडेटाच्या कुठल्या रकान्यात लिहायची? साइटवरची चाळणी डिग्री, टक्के आणि अनुभवाची वर्षं बघते. त्यात हा मुलगा पहिल्याच फटक्यात गळतो. चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांना नेमकी अशीच माणसं हवी असतात, आणि त्याचं काम ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

शिवाय बंदी घातली म्हणून जाहिराती थांबत नाहीत, त्या खासगी मेसेजमध्ये जातात. तिथे नवख्या पोराला सावध करणारं कुणी नसतं. उघड्यावर जाहिरात आली, की एखादा जुना सदस्य लगेच विचारतो, बाँड किती वर्षांचा? मूळ मार्कशीट ठेवून घेता का? माझ्या एका मित्राची मार्कशीट कंपनीनं अडकवली होती, आणि तेवढ्यासाठी त्याला दुसरीकडे मिळत असलेली चांगली नोकरी सोडून द्यावी लागली. त्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

म्हणून माझ्या अटी कडक आहेत. पगाराचा आकडा हवाच, ‘इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे’ चालणार नाही. कंपनीचं नाव, कामाची जागा, बाँड असेल तर तोही लिहायचा. रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं, की जाहिरात काढायची, आणि कुणी पैसे भरून बसला असेल तर त्याला ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावायचा.

ॲडमिनवर भार पडेल, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पहिले काही महिने जाहिराती तपासायचं काम मी करतो. तुम्हीही सोबत या. कुठली जाहिरात ग्रुपला जड होतेय, हे तुमच्या लगेच लक्षात येईल.