पाकिटावरचं हिरवं पान बघून भुलू नका

हल्ली कुठलीही वस्तू उचला, खाकी पाकीट, त्यावर एक हिरवं पान आणि खाली "इको-फ्रेंडली". बरं, मग? नेमकं काय फ्रेंडली आहे आणि तपासलं कोणी, एवढंच मी शोधते आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर पाकिटावर नसतंच.

बांबूचा टूथब्रशच घ्या. दांडा बांबूचा, मान्य, पण केस बहुतेक ब्रशचे नायलॉनचेच, म्हणजे टाकायच्या आधी पक्कड घेऊन ते उपटत बसायचं आणि मग दांडा कंपोस्टमध्ये, कोण करतं सांगा! बांबूचं ते मऊमऊ कापड तर भारीच, ते बहुतेक करून व्हिस्कोस असतं, लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून काढलेला धागा, बांबू नावापुरता. पीएलएच्या, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लॅस्टिकच्या, "कंपोस्टेबल" कपांना साधारण 60 अंशांचं इंडस्ट्रियल कंपोस्टिंग लागतं, कुंडीतल्या खतात पुरलात तर महिनोनमहिने तस्साच राहील. आणि "सीएफसी-फ्री" म्हणजे कहर, सीएफसी म्हणजे ओझोनच्या थराला भोकं पाडणारे वायू, 1987 च्या मॉन्ट्रियल करारापासून टप्प्याटप्प्याने ते जगभर बंदच झालेत, त्याचं कसलं कौतुक?

कापडी पिशवीवरून मात्र वाद होतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये हिशेब मांडला होता, की सुती पिशवी नुसत्या हवामानबदलाच्या बाबतीत प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला किमान 52 वेळा वापरावी लागते, आणि बाकीचे सगळे परिणाम धरले तर 7100 वेळा. लगेच लोक म्हणतात, बघा, प्लॅस्टिकच बरं. अहो, पण उडून नदी-समुद्रात जाणारा कचरा त्या हिशेबात धरलेलाच नाही! घरात पिशव्यांची चळत असताना फुकट मिळते म्हणून अजून एक घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

त्यातल्या त्यात भरवसा त्रयस्थ संस्थेने तपासलेल्या लेबलवर, जर्मनीचं ब्लू एंजल 1978 पासून आहे, युरोपचं फुलाचं इकोलेबल 1992 पासून. युरोपियन युनियनने तर पुराव्याशिवाय "इको-फ्रेंडली" असं मोघम काही छापायलाच बंदी घातलीय, सप्टेंबर 2026 पासून लागू.

आणि इको डिटर्जंट शोधत फिरण्याआधी वॉशिंग मशीन किती टेम्परेचरला लावलंय ते बघा, गरम पाण्याच्या धुण्यात सगळ्यात जास्त वीज पाणी तापवण्यातच जाते. काचेचे डबे घ्यायचेत म्हणून घरातले धडधाकट प्लॅस्टिकचे डबे फेकणाऱ्यांशी तर माझं रोजचं भांडण आहे, अहो ते बनून झालेत, निदान डाळ-तांदूळ तरी भरा त्यात!