‘बायकांनी वजन उचलू नये’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज मालवण-कुडाळकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. वर लाल अक्षरांत ‘भगिनींनो सावधान’ आणि खाली ‘एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला’. त्या डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. मजकूर थोडक्यात असा: बायकांनी जिममध्ये वजनं उचलली की गर्भपिशवी खाली सरकते, चाळिशीनंतर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा तर वजनाला हातही लावू नये, अंग पुरुषासारखं होतं, व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते, घरकाम हाच बाईचा खरा व्यायाम, आपल्या आज्या कुठे जिमला जात होत्या, आणि शेवटी, बायकांचा उत्साह दोन महिन्यांचा, फीचे पैसे वाया घालवू नका.

एरवी मी अशा मेसेजांच्या वाटेला जात नाही. हा मात्र माझ्या काकीपर्यंत पोचला. काकी 58 वर्षांची. तपासणीत हाडांची घनता कमी निघाली, डॉक्टरांनी गोळ्यांसोबत वजनाचा व्यायाम करायला सांगितला, आणि ती माझ्याबरोबर तालुक्याच्या जिममध्ये यायलाही लागली होती. परवा तिला न्यायला गेले तर तयारच नव्हती. म्हणाली, “माका नको गो ता आता. ह्या वयात पिशवी खाली इली तर कोणाक सांगतलंय?” ज्या बाईला या व्यायामाची सगळ्यात जास्त गरज, तिलाच या मेसेजने घरी बसवलं. म्हणून हे लिहितेय. मेसेजच्या क्रमाने जाणार नाही, जिथे नुकसान जास्त तिथून सुरू करते.

हाडं ठिसूळ होतात हे खरं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाड झिजण्याचा वेग ते भरून येण्याच्या वेगापेक्षा वाढतो. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे, आणि तिथून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी उलटा आहे. हाड म्हणजे भिंतीतला चिरा नव्हे की भार सोसून सोसून झिजेल. हाड जिवंत असतं. त्याच्यावर भार आला की ते अगदी किंचित वाकतं, आतल्या पेशींना तो ताण कळतो आणि त्या जागी नवं हाड भरायला लागतं. भारच नसेल तर शरीर ते हाड राखत बसत नाही. धडधाकट, तरुण अंतराळवीरांची भार पेलणारी हाडंसुद्धा अंतराळात दर महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्याने विरळ होतात, कारण तिथे शरीराला स्वतःचं वजनही पेलावं लागत नाही. तेव्हा हाडं कमजोर आहेत म्हणून भार टाळा, हा सल्ला हाडं आणखी कमजोर करणारा आहे.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात ‘लिफ्टमोर’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 साली हाडांवरच्या संशोधनाच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आले. पाळी गेलेल्या 101 बायका, सरासरी वय 65, सगळ्यांची हाडांची घनता कमी. थोडक्यात, माझ्या काकीसारख्या. त्यांचे दोन गट केले. एका गटाने घरी हलक्या वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट (वजन जमिनीवरून उचलणं), स्क्वॉट (वजन खांद्यावर घेऊन बैठका), वजन डोक्यावर ढकलणं, आणि त्यासोबत उडी मारून पायांवर उतरणं. जड म्हणजे खरोखर जड. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 80 ते 85 टक्के वजन, पाच-पाच वेळा, पाच फेऱ्या. पहिल्या दिवसापासून नव्हे. पहिला महिना नुसती हालचाल बसवण्यात गेला, मग वजन वाढत गेलं. आठ महिन्यांनी हलका व्यायाम करणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 1.2 टक्क्यांनी कमी झाली होती. जड उचलणाऱ्यांची 2.9 टक्क्यांनी वाढली होती. आणि जड उचलणाऱ्या गटात दुखापत किती? एकीच्या कमरेत किरकोळ लचक, त्यापायी तिची दोन सत्रं बुडाली. बस.

आपल्याकडे पावसाळ्यात घरापुढचं खळं शेवाळतं, चिऱ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. म्हातारी बाई तिथे घसरते, खुब्याचं हाड मोडतं आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चालत नाही. हे आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकीने कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलंय. ज्या व्यायामाने पाय आणि तोल पक्का होतो, हाडाची झीज थांबवायला मदत होते, तो व्यायाम करू नका असं बिनदिक्कत लिहून पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता पिशवीचं. ही भीती कुणी हवेतून काढलेली नाही, तेवढं मान्य करते. आपल्याकडे बाळंतपणानंतर महिना होतो न होतो तोच बायका बावीवरून हंडे आणायला लागायच्या, डोक्यावर भारे घ्यायच्या. त्यातल्या कित्येकींची पिशवी खरोखर खाली आली, आणि लाजेपायी त्यांनी ते वर्षानुवर्षं लपवलं. आयुष्यभर जड ओझी वाहणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, असं काही अभ्यासही सांगतात. पण पिशवी खाली येते ती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडल्यामुळे. ते सैल पडतात बाळंतपणात ताणले गेल्याने, पाळी गेल्यावर, वजन फार वाढल्याने, कायमच्या बद्धकोष्ठात कुंथून कुंथून, चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं खोकून खोकून. या सगळ्यांत पोटातला दाब पुन्हा पुन्हा खाली येतो आणि खालचे स्नायू तो पेलायला तयार नसतात. मग ते तयार करायला नकोत का? त्रास सुरुवातीचा असेल तर उपचारात पहिल्यांदा सुचवला जातो तो त्याच स्नायूंचा व्यायाम, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, निदान चार महिने.

भरलेला सिलिंडर घ्या. 14.2 किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून साधारण 30 किलो होतात. तो उंबऱ्यावरून आत घेताना आपण काय करतो? पाय जवळ जवळ, पाठीची कमान करून कंबरेतून वाकायचं, श्वास कोंडायचा आणि एक हिसका द्यायचा. सगळा दाब खाली. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वस्तू उचलण्याचीच हालचाल, फक्त नीट बसवलेली. पाय कुल्ल्यांइतके फाकवून वस्तूच्या अगदी जवळ उभं राहायचं. मागच्या खुर्चीला कुल्ले टेकवायला जावं तसे ते मागे न्यायचे, पाठ सरळ, गुडघे थोडे वाकलेले. लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू आत ओढायचे आणि श्वास सोडत सोडत पायांनी जमीन दाबत उठायचं. काकीला हे दाखवलं तेव्हा ती पहिल्या काही वेळा पाठीतूनच उठायची. मग प्रशिक्षक ताईंनी तिच्या पाठीला काठी लावून दिली: डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेली राहिली पाहिजेत. त्याच आठवड्यात तिने घरातली उकड्या तांदळाची गोणी तशी उचलली आणि कंबर धरली नाही म्हणून मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

बाईने वजन उचलूच नये असं सांगणाऱ्यांना हा सिलिंडर, ही गोणी, पाण्याने भरलेली कळशी, पाच डझनांची आंब्याची पेटी, बंदरावरची मासळीची पाटी, काहीच का दिसत नाही? हे सगळं बाई उचलतेच, रोज, आणि कुणी तिला कसं उचलायचं ते शिकवलेलं नसतं. जिममध्ये निदान ते शिकवतात.

त्यावरून आज्यांकडे येते. आज्या ताकदवान होत्या, यात वादच नाही. जातं, मुसळ, बावीचं पाणी, दिवसभर चिखलात वाकून लावणी. पण त्यांच्या साठीतल्या पाठी आणि गुडघेही आठवा. ते कष्ट होते. त्यात विश्रांती नव्हती, दुखलं तर थांबायची सोय नव्हती, आणि एकच हालचाल हजारदा होती. शिवाय ते घरकाम आता उरलंय कुठे? मिक्सर आला, पंप आला, गॅस आला, चांगलंच झालं. भार गेला, उभं राहणं आणि वाकणं तेवढं राहिलं. त्या कामाने दम लागतो, शरीर हलतं, ते वाया जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, त्यात अंगमेहनतीचं घरकाम धरता येतं. पण त्याच सूचनांत त्याच्या जोडीला आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितलाय, आणि 65 च्या पुढे ताकद आणि तोल यांचा व्यायाम निदान तीन दिवस. केर काढून ते भागत नाही.

पुरुषी अंगाचं दोन वाक्यांत. स्नायू पुरुषांसारखे फुगायला लागणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांच्या शरीरात पुरुषांच्या मानाने कितीतरी पट कमी असतं. मीराबाई चानूने टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये 49 किलो वजनी गटात एका उचलीत 115 किलो डोक्यावर नेले आणि रौप्यपदक आणलं. तिचा फोटो बघा आणि ठरवा.

स्नायूंची चरबी होते, हेही खोटं. दोन्ही वेगवेगळ्या पेशी आहेत, एकीची दुसरी होत नाही. व्यायाम सुटला आणि जेवण तेवढंच राहिलं तर स्नायू कमी होतात आणि चरबी वाढते, ती दोन स्वतंत्र कारणांनी.

राहिला उत्साह. हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तो बायकाच एकमेकींना पाठवताहेत. आपल्याकडे पावसाळा लागला की लावणी, मग गणपती, मग दिवाळी, मार्चपासून काजू आणि आंबा, मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी. बाईचा व्यायाम तुटतो तो या वेळापत्रकात. घरातल्या कुणालाही जास्तीचा वेळ लागला की तो तिच्या वेळेतून जातो. याला उत्साह संपला म्हणणं अन्याय आहे. त्या ऑस्ट्रेलियाच्या चाचणीतल्या साठी-पासष्टीच्या बायकांनी ठरलेली नव्वद टक्क्यांच्या आसपास सत्रं पूर्ण केली. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली आणि कुणीतरी वाट बघतंय, एवढं मिळालं की बायका येतात.

आमच्या जिममध्ये ज्या बायका टिकल्या त्या काही जास्त जिद्दीच्या नव्हत्या. त्यांनी आठवड्याचे दोन वार घरात जाहीर करून टाकले आणि त्या वेळेचा चहा दुसऱ्या कुणावर सोपवला. कुणीतरी सोबतीण धरली. आणि वजनकाट्यावर उभं राहणं कमी केलं, कारण सुरुवातीला ताकद वाढत असते आणि काटा जागचा हलत नाही. त्याच्याकडे बघून मन खचतं. काकी तर कालनिर्णयच्या पानामागे, दुधाच्या हिशोबाखाली लिहायची: कुठला व्यायाम, किती किलो, किती वेळा. आठ किलोंचे दहा झाले की स्वतःहून सांगायची. लावणीच्या दिवसांत एकच दिवस जमला तर एकच करायचा. मिळवलेली ताकद राखायला ती मिळवायला लागली त्यापेक्षा पुष्कळ कमी व्यायाम पुरतो, त्यामुळे दोन आठवडे गेले म्हणून सगळं गेलं असं समजून सोडून देऊ नये. आणि जेवणाचं बघा: घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेल्या वाटीभर कढीवर स्नायू होत नाहीत. बांगड्याचा तुकडा, अंडं, कुळथाची पिठी, उसळ यांतला आपला वाटा आधी काढून ठेवा.

काकीला मी तिच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. त्यांनी व्यायाम चालू ठेवा म्हणून सांगितलंय. येत्या सोमवारी ती येते म्हणालीय.

ज्यांना खाली जडपणा वाटतो, काही उतरल्यासारखं वाटतं किंवा खोकताना लघवी सुटते, ज्यांचं बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन अलीकडचं आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, किंवा मणक्याचं हाड आधी मोडलंय, त्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि लाजू नये. हाडांची घनता कमी असेल तर जड वजनं एकटीने घरी उचलू नका, शिकवणारी व्यक्ती समोर हवी. बाकीच्यांना जिम लांब पडत असेल तर घरी सुरू करता येतं: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकवून जोर, आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन वर सांगितल्याप्रमाणे जमिनीवरून उचलणं. दहा वेळा सहज झालं की कॅन दोन्ही हातांत एकेक घ्या.