पेटीतील उष्णता आणि ओल
घरी तयार केलेल्या एलईडी सिग्नल दिव्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकची पेटी छापावी आणि ती सिलिकॉनने सर्व बाजूंनी बंद करावी, हा असा दिवा बनवण्याविषयीच्या एका लेखातील सल्ला घरातल्या दिव्यापुरता ठीक आहे. उघड्यावर बसवायच्या दिव्याला मात्र तो मानवणार नाही. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि गडद रंगाची पेटी भर उन्हात, दिव्याच्या उष्णतेची भर पडल्यावर, या तापमानाच्या जवळ सहज पोहोचते. एएसए प्लास्टिक सुमारे १०० अंशांना मऊ पडते आणि अतिनील किरणांपुढेही बरेच टिकते, म्हणून छापताना कडा उचलल्या जाण्याचा त्रास सोसूनही मी तेच निवडेन.

पेटी पूर्ण हवाबंद करण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो. दिवा तापला की आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते, तो थंड झाला की आतला दाब घटतो आणि सांध्यातील एखाद्या बारीक फटीतून ओलसर हवा आत ओढली जाते. तीच ओल मग भिंगावर आणि सर्किटवर साचते. त्यापेक्षा तळाशी एक छोटे छिद्र ठेवावे आणि केबल खालूनच ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसून फट बंद करणाऱ्या जोडणीतून) आत घ्यावी.

लेखात छज्ज्याचा, म्हणजे भिंगावर ऊन पडू नये म्हणून दिव्यापुढे बसवलेल्या आडोशाचा, उल्लेखच नाही, याचे आश्चर्य वाटते. तिरपे ऊन रंगीत भिंगावरून परावर्तित झाले की बंद दिवाही पेटल्यासारखा भासतो, त्यामुळे आतून चकाकी नसलेला काळा रंग दिलेला छज्जा हवाच. एलईडी मुळातच रंगीत असतील, तर भिंग रंगहीन ठेवणे अधिक चांगले.