पोरीला बुडवलं म्हणे!

आज दुपारी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. तलावात आडवी पडलेली होडी, पाण्यावर पसरलेलं लाल शीड, शेजारी दोन डोकी. खाली लगेच सुरू. "एवढ्याशा पोरीला पाण्यात घालतात?" "हौस बापाची, जीव पोरीचा." "हे गोऱ्या श्रीमंतांचे खेळ आपल्याला कशाला हवेत!" वर रडके चेहरे आणि जोडलेले हात. पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

आज आमच्या क्लबाची शिडाच्या होड्यांची शर्यत होती. मी सेफ्टी बोटीवर होते, म्हणून सांगते.

ती होडी मिरर, दोघांनी चालवायची छोटी शिडाची होडी. नऊ वर्षांची मुलगी सुकाणूवर, बाबा जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर. वारा मागून, मधूनच जोराचा झोत. होडीच्या मधल्या खोबणीतून पाण्यात उतरणारी फळी म्हणजे डॅगरबोर्ड. मागच्या वाऱ्यावर तो वर ओढतात, पाण्यातली ओढ कमी व्हावी म्हणून. बाबांनी तो पूर्ण वर ओढला. मिररमध्ये बोर्ड पूर्ण वर असला की जाइब करताना, म्हणजे मागच्या वाऱ्यात वळून शीड दुसऱ्या बाजूला घेताना, बूम खाली धरून ठेवणारी किकरची दोरी बोर्डच्या वरच्या टोकात अडकते. तेच झालं. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, अर्ध्यावर थांबला, शिडात वारा भरला, होडी गर्रकन फिरली आणि आडवी. जिथे वळायचं त्या बोयाजवळ (तरंगत्या खुणेजवळ) पोचण्याआधी बोर्ड निम्मा खाली घ्यायचा असतो. कितीतरी मोठी माणसं हे विसरतात.

आडवी झाली म्हणजे बुडाली नव्हे, काका. मिररमध्ये पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हवाबंद टाक्या असतात. बुचं आणि झाकणं नीट लावली असतील तर ती तरंगतच राहते. आधी दोघांनी एकमेकांना हाक मारायची. कुणी शिडाखाली सापडलं तर हाताने कापड वर ढकलायचं, श्वासापुरती जागा होते, मग एकच शिवण धरून कडेपर्यंत सरकायचं. मग मेनशीट आणि जिबशीट, म्हणजे दोन्ही शिडं ओढायच्या दोऱ्या, त्यांच्या खाचांतून (क्लीटमधून) सोडायच्या. हे राहिलं तर होडी उभी राहताक्षणी शीड पुन्हा वारा धरतं आणि दुसऱ्या अंगावर पडते. वजनदार माणूस पोहत तळाच्या बाजूला जातो आणि बोर्डवर चढून मागे झुकतो. हलका माणूस आतल्या बाजूला, पाय अडकवायचा पट्टा हाताने धरून, पाण्यात आडवा तरंगतो. होडी उठते तशी त्याला आपोआप आत उचलून घेते.

आता इथे बोर्ड तर पूर्ण वर. म्हणजे तळाकडून बाहेर काहीच नाही, बाबा चढणार कशावर? तो आतूनच ढकलावा लागतो, आणि आत होती ती मुलगी. तिने ढकलला. जिबची दोरी वरून बाबांकडे फेकली. होडी उभी राहिली तेव्हा ती आत होती, सुकाणू हातात, होडीचं पुढचं टोक वाऱ्याकडे. बाबा मागच्या फळीवरून चढले आणि बादली घेऊन पाणी उपसायला लागले. आम्ही इंजिन मोकळं ठेवून बाजूला थांबलो होतो, आमची गरजच लागली नाही.

हा फोटो नाही काढला कुणी!

आणि "श्रीमंतांचा खेळ" हे तर ऐकवतच नाही. 1963 साली 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने ही होडी बाजारात आणली, नाव आणि शिडाचा लाल रंग त्यांचाच. टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे डिझायनर जॅक होल्ट, दोघांनी मिळून आखली. (भारतात लष्करी क्लबांत दिसते ती एंटरप्राइझ होडीही होल्टचीच.) सगळं सामान संचात यायचं, 63 पाउंड 11 शिलिंगला. सुमारे 5 मिलिमीटरच्या प्लायवूडच्या फळ्या, कडांना भोकं, तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. लोकांनी गॅरेजमध्ये, बैठकीच्या खोलीत बांधल्या. सत्तर हजारांवर झाल्या. लांबी 3.3 मीटर, नुसता सांगाडा साडेपंचेचाळीस किलो, गाडीच्या टपावर जाते. शीड लावायच्या जुन्या गंटर पद्धतीत आखूड डोलकाठी आणि तिच्यावर चढणारी दुसरी काठी (गॅफ) असे दोन तुकडे असल्यामुळे सगळी काठ्या-लाकडं होडीच्या लांबीत मावतात. आजही जुनी मिरर काही शे पाउंडांत मिळते. तुमच्या टीव्हीची किंमत विचारू का?

घेताना फक्त बघून घ्या. डॅगरबोर्डच्या खोबणीभोवती, डोलकाठीच्या पायाशी आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबायचं. मऊ लागलं की लाकूड कुजलंय. सांध्यावरची पट्टी सुटत असेल तर ती खरवडून नवी लावता येते, त्याला घाबरू नका. टाकीत पाणी शिरतंय का, हे मात्र होडी हलवून कानाने ऐकायचं.

मला खरं चिडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. काठावर उभे राहणारे आईबाप. मुलाला ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे मुलांच्या एकट्याने चालवायच्या होडीत, बसवायचं आणि काठावरून ओरडायचं, "अरे टॅक कर, टॅक!" (म्हणजे वाऱ्याकडून वळ). आवाज वाऱ्यात विरतो, पोर गोंधळतं. दोन वर्षांनी ते पोर खेळ सोडतं आणि हे म्हणतात, त्याला आवडच नव्हती. आज फोटोखाली लिहिणाऱ्यांत असे दोघे होते, नाव घेत नाही.

ठीक आहे, ऑप्टिमिस्टमध्ये मूल लवकर स्वतः निर्णय घ्यायला शिकतं, हे मान्य. आणि बाप जाडा असला की हलक्या वाऱ्यात मिरर जागची हलत नाही, तेही मान्य.

पण मिररच्या क्लास-शर्यतीत दोघं लागतातच. त्यामुळे मुलगी आणि बाबा, आजोबा आणि नातू, दोन बहिणी अशाच जोड्या दिसतात. राष्ट्रीय स्पर्धेला लोक तंबू ठोकून राहतात, संध्याकाळी एकमेकांची सुकाणू दुरुस्त करतात. क्लबात वेगवेगळ्या होड्या एकत्र धावल्या तरी पोर्ट्समथ यार्डस्टिक आहे, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या होडीला एक आकडा, हळू होडीला मोठा. मिररचा आकडा 1390 धरा, लेसर या एकट्याच्या वेगवान होडीचा 1100. मिररला 69 मिनिटं 30 सेकंद लागली तर 1390 ने भागून हजाराने गुणायचं, आली 50 मिनिटं. लेसरने 55 मिनिटांत संपवली तर तिचीही 50. सगळ्यांच्या मागून पोचलेली पोरगी पंचविशीतल्या पैलवानाशी बरोबरी करू शकते. आज त्या दोघांनी शर्यत पूर्ण केली. मला वाटतं, पाणी उपसण्यात गेलेला वेळ वगळला तर पहिल्या तिनांत असती स्वारी.

बरं, ज्या आयांना खरंच काळजी वाटली त्यांच्यावर राग नाही. काळजी बुडण्याची नको, थंडीची करा. या तलावाचं पाणी मे महिन्यातही गार असतं. वेटसूट अंगाला घट्ट हवा, सैल असला तर आत सतत नवं पाणी फिरतं. बॉयन्सी एड (तरंगायला मदत करणारं जॅकेट) घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायचं. कानांपर्यंत आली तर मोठी आहे. लहान मुलांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच. ओठ निळे पडले किंवा पोर बडबडायचं थांबलं की शर्यत सोडून सरळ काठावर.

रविवारी पहिली स्टार्ट अकराला. सुटायला पाच मिनिटं असताना पहिला सिग्नल, मग चार असताना, मग एक असताना, आणि सुटा. क्लबाची एक मिरर रिकामी आहे, बॉयन्सी एड आम्ही देऊ. ज्यांनी रडके चेहरे टाकले त्यांनी पोरांना घेऊन या आणि स्वतः होडीत बसा, काठावर खुर्च्या नाहीत. टॉवेल आणि कोरडे मोजे आपापले आणा, क्लबातले कायम ओले असतात.