भिंग उलटं, मी पालथा

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगतो. भिंगांपुरतं बोलायचं तर तिकडं येना आणि वेट्झलरमध्ये जर्मनांनी पिढ्यानपिढ्या ती घासून नावारूपाला आणली. इकडं परभणीत मी ती उलटी लावली.

कारण पैसा, दुसरं काय! किडामुंगीचे फोटो काढायची खरी मॅक्रो लेन्स घ्यायची तर हजारांचा आकडा ऐकूनच हात खिशातून रिकामा परत येतो. ‘तेवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा नवा होतो,’ असा हिशेब बायकोनं मांडलेलाच होता. रिव्हर्स रिंग मात्र साडेतीनशेला पडली. बांगडीएवढी वस्तू. एका अंगाला कॅमेऱ्याला अडकायची खाच, दुसऱ्या अंगाला ५२ मिलिमीटरचे आटे. त्या आट्यांत लेन्सचं तोंड पिळून बसवायचं, म्हणजे बूड आपोआप जगाकडं. एरवी डोंगराएवढं जग कॅमेऱ्याच्या पोटातल्या, फोटो टिपणाऱ्या बोटभर सेन्सरवर उतरवणारी लेन्स उलटी झाली, की बारक्याचं मोठं करते. शास्त्र एवढंच.

पण एकदा उलटं म्हटलं की सगळंच उलटं. एरवी झूम ५५ वर सगळं मोठं दिसतं, १८ वर लहान. आता ५५ वर नेला की मुंगी लहान, १८ वर आणला की मोठी. कॅमेरा म्हणाला, ‘लेन्स जोडलेली नाही.’ मी हातातल्या लेन्सकडं बघतोय आणि हा नाहीच म्हणतोय! मॅन्युअलवर, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायचं अशा बेतावर, टाकल्यावर गप्प झाला, पण उजेड मोजून द्यायचं काम सोडलं ते सोडलंच. रुसलेला जावई पाटावर बसतो, पण पानाला हात लावत नाही, तसं.

शिवाय माझ्या लेन्सच्या बुडाशी एक चिमुकली पट्टी आहे. कॅमेरा ती ढकलून धरतो तेव्हा उजेड आत सोडणारं भोक उघडं राहतं. मोकळी सोडली की मिटून जातं. आता उलट्या लेन्सची पट्टी ढकलणार कोण? काडेपेटीतली काडी मोडून फटीत खोचली. सगळी खोचली तर उजेड मायंदाळ, पण मुंगीची एक मिशी स्पष्ट आणि उरलेली मुंगी धुक्यात. काढून घेतली तर मिट्ट काळोख. तासभर झटल्यावर ‘अर्धी काडी’ हे माप सापडलं. भोकाच्या या मापाला लोक एफ-आठ, एफ-अकरा म्हणतात. आमचं आपलं अर्धी काडी.

फ्लॅशचा उजेड मवाळ करायला दुधाची पिशवी कापून लावली. पिशवी धुतली होती, पण मनापासून नाही. दहा मिनिटांत मुंग्यांची रांग कॅमेऱ्यावर चढली. ज्यांच्यामागं मी सकाळपासून अंगणभर रांगत होतो, त्या स्वतःच्या पायांनी आल्या, आणि माझ्याजवळ दुसरा कॅमेरा नव्हता.

घरातल्या घरात मात्र बरं जमलं. मिठाचा खडा चौकोनी, घडवल्यासारखा दिसला. धावत जाऊन बायकोला दाखवला. ‘मग, खारट आलाय का?’ एवढंच विचारून ती भाकरीकडं वळली.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. मिरगाचा पहिला पाऊस पडला आणि गावाबाहेरच्या रानात मिरगाचे किडे निघाले. लालभडक, मखमलीचे, आठ पायांचे. किडा म्हणायचं, पण घराणं कोळ्याचं. मी काळ्या रानात पालथा पडलो. उलट्या लेन्सला किडा जेमतेम तीन बोटांवर लागतो. रिंग फिरवून फोकस होत नाही, अख्खा माणूस पुढंमागं सरकवावा लागतो. स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरभरसुद्धा नसतो. श्वास घेतला की किडा गेला, सोडला की परत आला. शिवाय किडा चालत होताच. तो चार पावलं पुढं, मी चिखलात वीतभर पुढं. शर्टाच्या गुंड्या मातीत नांगर धरून चालल्या होत्या.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली.

‘कामून पडलाव हो काका? चक्कर आली का?’

मी श्वास धरलेला, उत्तर देणार कसं? हात हलवून ‘नाही’ म्हटलं.

‘काही हरपलं का?’

मी पुन्हा हात हलवला. या खेपेला त्याचा अर्थ ‘हो’ असा लागला असावा, कारण तो खाली उतरून शोधायला लागला. मग एक मेंढपाळ आला. मग पाठीवर फवारा घेतलेला एक जण. पाच मिनिटांत तीन माणसं वाकून माझ्याभोवती माती धुंडाळत होती आणि काय शोधायचंय हे एकालाही ठाऊक नव्हतं. ‘सोन्याचं हाय का?’ कुणीतरी हळूच विचारलं.

‘किडा बघायलो,’ मी शेवटी बोललो. सगळे ताठ उभे राहिले. फवारेवाला म्हणाला, ‘बघायला कशाला पाहिजे? मारायचं औषध हाय ना माझ्याकडं.’

मोटारसायकलीवरून आलेलं पोरगं तेवढं शहाणं निघालं. त्यानं किडा अलगद उचलून अंगठ्यावर घेतला आणि माझ्या लेन्सपुढं धरला. ‘काढा.’ किड्यानं पाय पोटाशी घेतले, अगदी निपचित. मी श्वास धरला. पोरानंही धरला. टिपला!

संध्याकाळी शेजारच्या तात्यांना मोबाईलवर फोटो दाखवला. वरच्या कोपऱ्यात लाल धुकं होतं, कुंकवाची पुडी सांडावी तसं. खाली मात्र पोराच्या अंगठ्याच्या रेघा, रेघ न् रेघ लख्ख, आणि प्रत्येक रेघेच्या खाचेत काळी माती भरलेली.

तात्यांनी चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला, जवळ आणला.

‘रान कुणाचं म्हणायचं हे?’ ते म्हणाले. ‘नांगरट झकास झालीय.’