‘शुगर झालेल्या मुलांच्या आयांसाठी पाच नियम’ : हे वाचून पोराचे हाल करू नका

हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या वहिनीपर्यंत पोचला. भाचीला टाइप १ डायबिटीस निघालाय नुकताच, आणि वहिनीने तिचं खेळायला जाणं बंद केलं. मी स्वतः शाळेत असल्यापासून टाइप १ वाली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला नियम, इन्सुलिनची सवय लागते, कारल्याचा रस द्या. सवय कसली डोंबलाची! टाइप १ मधे शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, मग ते बाहेरूनच द्यावं लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशी पोरं अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवायचे, बस. कारली तेव्हाही होती. इन्सुलिन बंद केलं तर रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून एकदोन दिवसांत पोर आयसीयूत, जीवही जातो.

दुसरा, गोड खाल्ल्याने होतो. खोटं, पुढे.

तिसरा, खेळू देऊ नका. यात अर्धं खरं आहे, बरं. पळापळीने शुगर उतरते, कधी कधी रात्री झोपेतसुद्धा. म्हणून मोजून खेळायचं, खिशात ग्लुकोज ठेवायचं. वसीम अक्रम टाइप १ घेऊनच २००३ चा वर्ल्ड कप खेळला.

डोक्यात गेला तो चौथा. शाळेत सांगू नका, मुलगी असेल तर मुळीच नको, पुढे लग्नाचं बघायचं असतं! अहो शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, आणि बाईंना माहीतच नसेल तर त्यांना वाटणार पोरगी नाटकं करतेय. माझ्याही आईने लपवलं होतं, बाकावर डोकं टेकलं म्हणून मला वर्गात उभं केलेलं आहे. तीन चमचे साखर पाण्यातून दिली की पंधरा मिनिटांत बहुतेक वेळा पोर ताळ्यावर येतं, पण द्यायची हे कुणाला माहीत तर हवं! सीबीएसई २०१७ पासून परीक्षेला शुगरच्या गोळ्या, फळं, सँडविच न्यायला परवानगी देते, म्हणजे बोर्डाला सांगायचं आणि वर्गातल्या बाईंपासून लपवायचं?

पाचवा, वीस वर्षांची होईस्तोवर इंजेक्शन आईनेच द्यावं. मग हॉस्टेलवर आईही जाणार का? डोसवर मोठ्यांचं लक्ष हवंच, टीनेजमधे तर जास्तच, ते ठीक. पण इन्सुलिनचं पेन धरणं, सुई बदलणं, बोट टोचणं हे दहा वर्षांचं पोर आरामात शिकतं. फक्त बोटाच्या मधोमध नको, कडेला टोच म्हणावं, कमी दुखतं.