ती चित्रं छापील नाहीत आणि रंग उडालेलीही नाहीत

डच चित्रकार थोरले विल्लेम व्हॅन दे वेल्दे (१६११–१६९३) यांची काळी-पांढरी जहाजांची चित्रं सध्या फिरत आहेत. सोबत मजकूर असतो, 'मूळ रंगीत चित्रांचे रंग उडाले, उरले ते हे छापील ठसे.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ही चित्रं हातानेच काढलेली आहेत. फळी किंवा कॅनव्हासवर पांढरा लेप देऊन त्यावर शाईने, लेखणीने एकेक दोरखंड, एकेक शीड रेखलेलं. शाईची रेघ पुसून दुरुस्त करणं किती अवघड, याचा विचार केला की छाती दडपते! डच भाषेत या प्रकाराला 'पेनस्खिल्डरै', म्हणजे लेखणीचित्र, असंच नाव आहे. १६५३ मध्ये डच किनाऱ्याजवळ तेरहाइदे येथे झालेल्या इंग्रज-डच सागरी लढाईत थोरले विल्लेम स्वतः लहान गलबतातून हजर होते. तिथल्या रेखाटनांवरून पुढे मोठं चित्र झालं.

रंगीत तैलचित्रं प्रामुख्याने त्यांच्या मुलाची, धाकट्या विल्लेमची. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७४ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड दिले, ते वडिलांना सागरी लढाया रेखाटण्यासाठी आणि मुलाला त्या रंगवण्यासाठी.